आम्ही दोघे

"एक पलंग हवा की दोन?" लिस्बनमधल्या एका लहानशा हॉटेलात काउंटरमागे बसलेल्या मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी उत्तर दिले. मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, एक. मुलीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिले. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल नव्हते, आश्चर्यही नव्हते, होता तो केवळ संध्याकाळच्या गर्दीतला थोडा उतावीळपणा. "तुमचे ठरू द्या," ती म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या माणसाशी पोर्तुगीजमध्ये काही बोलली. त्या बोलण्यात 'शाव' हा एकच शब्द मला कळला. आपली मराठी 'चावी' ज्या शब्दावरून आली तो हा शब्द. पाव, बटाटा, बादली, पगार हेही याच वाटेने आपल्याकडे आलेले. हे सारे मला भाषेच्या इतिहासातून ठाऊक होते. परंतु साठी उलटल्यावर त्या शब्दाच्या मूळ गावी येऊन, एका खोलीच्या चावीसाठी तिष्ठत असताना आपल्या तोंडून सवयीने खोटे बोलले जावे, याची मला मनस्वी लाज वाटली. 'दोन' हे उत्तर मी तीस वर्षे देत आलो होतो. जयपूरला दिले, म्हैसूरला दिले, महाबळेश्वरला तर दरवर्षी दिले. रात्री दोन्ही पलंगांवरच्या चादरी विस्कटून ठेवण्याचे कामही माझेच असे.

हा लेख लिहिण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या वर्षी फोन करून विचारले, "सर, आम्हां दोघांना आठ दिवस कुठेतरी निवांत जायचे आहे. धावपळ नको, रोज दहा स्थळे पाहणे नको. कुणी आमच्याकडे वळून पाहू नये एवढेच. तुम्ही दोघे लिस्बनला गेला होतात ना?" त्याचा जोडीदारही पुरुष आहे हे मला माहीत होते. 'तुम्ही दोघे' हे त्याला इतक्या सहजपणे म्हणता यावे, हे मात्र मला माहीत नव्हते. वर्गात मी त्याला प्रवासवर्णन शिकविले होते. त्याला फोनवर जे सांगता आले नाही ते येथे लिहितो आहे. त्यात मार्गदर्शन किती आणि कबुली किती, हे वाचणाऱ्याने पाहावे.

माझ्या प्रबंधाचा विषय मराठी प्रवासवर्णन हाच होता. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ मधले. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' पुस्तकरूपाने आला १९०७ मध्ये. तेथून १९६० च्या 'अपूर्वाई'पर्यंत येताना आपल्या प्रवासवर्णनाच्या निवेदकात जे बदल झाले, त्यांतला एक लहान पण अर्थपूर्ण बदल सर्वनामाचा आहे. 'मी'च्या जागी 'आम्ही दोघे' येऊ लागले. पती आणि पत्नी, त्यांचे सामानावरून होणारे वाद, परक्या देशातल्या दुकानासमोरचे त्याचे रेंगाळणे किंवा तिचे थांबणे, हरवलेला चष्मा. वाचकाला हे सारे घरचे वाटते, कारण त्या 'आम्ही दोघे'चा अर्थ त्याला विचारावा लागत नाही. मी या सर्वनामावर प्रबंधात काही पाने लिहिली. स्वतःच्या लेखनात मात्र ते कधी वापरले नाही. हंपीवरच्या माझ्या लेखात माझा सहचर 'वाटेत भेटलेले एक गृहस्थ' आहे. जयपूरवरच्या लेखात तो 'एक सहप्रवासी' आहे. तो लेख छापून आला त्या सकाळी त्याने स्वयंपाकघरातून विचारले होते, "अरे, वाटेत भेटलेला गृहस्थ चहा टाकतो आहे. साखर किती घालू?"

समीक्षेतही मी वेगळा वागलो नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा मी विद्यार्थिदशेत होतो. नाटक संपल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. पुढे त्यावर लिहिताना मी शोकात्मिका, एकाकीपण, व्यक्ती आणि समाज असे सारे शब्द वापरले. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'वर (२००६) लिहिताना 'अशा व्यक्तींच्या भावविश्वात' अशी एक शब्दयोजना मी केली. आज ती वाचवत नाही. व्याकरणातला तृतीय पुरुष हा समीक्षकाला फार सोयीचा निवारा असतो.

आता लिस्बन का, ते सांगतो. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या सहचराला हृदयविकाराचा त्रास झाला. रुग्णालयात अर्जावर 'रुग्णाशी नाते' असा एक रकाना होता. मी 'मित्र' लिहिले. समोरच्या माणसाने सौजन्यानेच विचारले, "कुणी नात्याचे नाहीत का?" मग नागपूरहून त्याचा पुतण्या येईपर्यंत आम्ही थांबलो. त्या पुतण्याने काकाला त्याआधीच्या दहा वर्षांत दोनदा पाहिले होते. त्याने सही केली. मुलगा सालस आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे न्यायालयाने नाकारले आणि तो विषय संसदेचा आहे असे सांगितले. २०१८ च्या ६ सप्टेंबरला याच न्यायालयाने कलम ३७७ मधून आम्हांला मोकळे केले होते. तेव्हा आम्ही गुन्हेगार उरलो नव्हतो. परंतु नातेवाईकही झालो नव्हतो. निकालाच्या संध्याकाळी दूरचित्रवाणी बंद करून तो म्हणाला, "चल, कुठेतरी जाऊ. जिथे घाई नाही अशा ठिकाणी." डॉक्टरांनीही दगदग टाळायला सांगितली होती. आम्ही २०२४ च्या जून महिन्यात गेलो.

दगदग टाळण्यासाठी सात टेकड्यांचे शहर निवडणे हा आमचा पहिला शहाणपणा. परंतु लिस्बनचा चढच माणसाला सावकाश चालायला लावतो. पायाखाली पांढऱ्या चुनखडीच्या लहान लहान फरशा, वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या. त्यांवरून भरभर चालणारा माणूस पडतो, हे आम्ही दोन वेळा पाहिले. रबरी तळव्याचे जोडे न्यावेत. प्रत्येक चढ संपतो तेथे एक कट्टा असतो, त्याला तेथे मिरादोरो म्हणतात. म्हणजे पाहण्याची जागा. खाली लाल कौले, त्यांच्या पलीकडे तेजो नदी. ती तेथे इतकी रुंद होते की तिला खाडीच म्हणावे. कोकणात वाढलेल्या माझ्या सहचराने तिला पहिल्या दिवसापासून खाडीच म्हटले. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, आणि तोपर्यंत त्या कट्ट्यांवर कुणालाही काही काम असल्याचे दिसत नाही.

राहावे प्रिन्सिपे रेआल या भागात. हा उंचावरचा, जुन्या वाड्यांचा, आणि गेली काही दशके समलिंगी माणसांचा म्हणून ओळखला जाणारा परिसर. खाली उतरले की बाइरो आल्तोच्या अरुंद गल्ल्या. तेथे रात्री मद्यालयातली माणसे पेला हातात घेऊन रस्त्यावरच उभी असतात. आम्ही एका रात्री गेलो. आजूबाजूची सगळी मुले आमच्या विद्यार्थ्यांच्या वयाची. दोन तरुण एका दारात एकमेकांचे चुंबन घेत होते, आणि त्यांच्या शेजारी उभा असलेला तिसरा कंटाळून सँडविच खात होता. मला त्या तिघांत तो तिसराच फार आवडला. आम्ही अकराला परतलो. तरुणांनी मध्यरात्रीनंतर जावे. तेथे खरी रात्र तेव्हा सुरू होते असे ऐकले. ज्यांना समुद्र हवा त्यांनी नदीपलीकडे कापारिकाच्या किनाऱ्यावर जावे. तेथील एका भागाला 'एकोणीस क्रमांकाचा किनारा' म्हणतात. एकेकाळी किनाऱ्याने धावणाऱ्या छोट्या आगगाडीचा तो एकोणिसावा थांबा होता. तेथे वस्त्रांची सक्ती नाही एवढे सांगून ठेवतो.

या भागाविषयी एक गोष्ट लपविणे बरे नव्हे. पाहुण्यांच्या सोयीसाठी घरांच्या खोल्या होत गेल्या, भाडी चढली आणि पूर्वापार राहणारी साधी माणसे, त्यांत आमच्यासारखीही असणार, तेथून बाहेर पडली. ज्या वस्तीने लपलेल्यांना जागा दिली तीच आता त्यांना परवडत नाही. आमचे हॉटेलही अशाच एका जुन्या घरात होते. निवांतपणा विकत घेणाऱ्याने तो कोणाकडून घेतला हे निदान ठाऊक तरी करून घ्यावे.

प्रिन्सिपे रेआलच्या बागेत एक झाड आहे. उंची फार नाही, पण त्याच्या फांद्या आडव्या पसरल्या आहेत. वीस मीटरहून अधिक व्यासाचे एक हिरवे छत लोखंडी मांडवावर तोललेले आहे आणि त्याखाली बाके. दुपारी सारी बाके भरलेली. आम्ही रोज तेथे जाऊन बसत असू. या जातीच्या सुरूला युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ 'गोव्याचा देवदार' म्हणत. पोर्तुगालमध्ये लावलेली ही झाडे गोव्याहून आणली असावीत अशी समजूत होती. प्रत्यक्षात त्याचे मूळ मेक्सिकोकडचे. गोव्याचा आणि त्याचा काही संबंध नाही. माझ्या सहचराला ही हकीकत फार आवडली. "म्हणजे गेली अडीचशे वर्षे हे झाड दुसऱ्याच नावाने राहते आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून हसला. मी वर्तमानपत्र वाचू लागलो. ते पोर्तुगीज होते.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही प्रवासपुस्तकात मिळेल. साहित्याच्या माणसाने लिस्बनला जाऊन शोधावा तो आंतोनियो बोतो. हा कवी १८९७ मध्ये जन्मला, आल्फामाच्या दाट वस्तीत वाढला. बाप नदीवर नाव चालविणारा. मुलगा पुस्तकांच्या दुकानात कामाला लागला आणि तेथे वाचता वाचता शहरातल्या साहित्यिकांच्या ओळखीचा झाला. १९२१ मध्ये त्याचा 'गीते' एवढ्याच साध्या अर्थाच्या नावाचा संग्रह निघाला. त्यातला प्रियकर पुरुषाशी बोलतो, आणि ते लपविण्याची कोणतीही काव्यगत युक्ती करीत नाही. पुराणातला देव नाही, रूपक नाही, आत्मा आणि परमात्मा नाही. पहिल्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. १९२२ मध्ये दुसरी आवृत्ती काढली ती फर्नांदो पेसोआने, आपल्या 'ओलिसिपो' या छोट्या प्रकाशनसंस्थेतर्फे, आणि त्याच वर्षी एका नियतकालिकात बोतोच्या सौंदर्यदृष्टीवर लेखही लिहिला. मग वाद पेटला. कॅथलिक विद्यार्थ्यांची एक संघटना उठली. १९२३ मध्ये सरकारने बोतोचे पुस्तक जप्त केले. त्याच्याबरोबर ज्युदित तेशेइरा या कवयित्रीचे, स्त्रीविषयी स्त्रीने लिहिलेले पुस्तक आणि बोतोच्या बाजूने लिहिणाऱ्या राउल लेआलचे पुस्तकही गेले. पेसोआने तेव्हा पत्रके छापून या माणसांची बाजू घेतली.

पेसोआच्या या वागण्याकडे मी पूर्वी केवळ वाङ्मयेतिहासातील तपशील म्हणून पाहत असे. तो स्वतः कोण होता, याविषयी त्याने काहीच निश्चित कळू दिले नाही. कितीतरी कल्पित कवींच्या नावांनी तो लिहीत राहिला, आणि सम्राट हेड्रियनच्या तरुण प्रियकरावरची दीर्घ कविता १९१८ मध्ये त्याने छापली ती इंग्रजीत, आपल्या गावात फारसे कुणी वाचणार नाही अशा भाषेत. पण दुसऱ्या कवीवर वेळ आली तेव्हा त्याने आपल्या खऱ्या नावाने सही केली. मी समीक्षक आहे. माझ्या भाषेतही अशी पुस्तके आली, त्यांच्यावर चिखल उडाला, आणि मी त्यांची शैली तपासत बसलो. शियादो चौकातल्या कॉफीगृहाबाहेर पेसोआचा ब्राँझचा पुतळा खुर्चीत बसलेला आहे. शेजारी एक रिकामी खुर्ची, छायाचित्र काढून घेणाऱ्यांसाठी. तेथे रांग असते. माझ्या सहचराने मला रांगेत उभे केले. माझा नंबर आला तेव्हा मी म्हणालो, "तू बस." तो बसला, आणि ते छायाचित्र आमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

बोतोचे पुढे काय झाले? त्याला सरकारी नोकरी होती. १९४२ मध्ये ती गेली, आणि बडतर्फीच्या कारणांत एका पुरुष सहकाऱ्याशी लगट करणे आणि कचेरीच्या वेळेत कविता करणे या दोन्ही गोष्टी नोंदलेल्या होत्या. दुसरे कारण मराठी कवींना अगदीच अपरिचित नसावे. १९४७ मध्ये तो ब्राझीलला गेला. पैसा नाही, प्रकृती ढासळलेली, स्वतःच्या थोरवीविषयी अफाट कल्पना रचण्याची सवय लागलेली. १९५९ च्या मार्चमध्ये रिओ द जानेरोच्या रस्त्यावर मोटारीखाली सापडून तो वारला. पुढे त्याच्या अस्थी लिस्बनला आणल्या. पेसोआ १९३५ मध्ये गेला. त्याला प्राझेरेश दफनभूमीत पुरले होते. प्राझेरेश म्हणजे सुखे, आणि अठ्ठावीस क्रमांकाची प्रसिद्ध ट्राम तेथे संपते. १९८५ मध्ये त्याला समारंभाने बेलेमच्या जेरोनिमोस मठात हलविले. वास्को द गामाचीही समाधी तेथेच. तेथे गेलो तेव्हा गामाभोवती दाटी होती. गोव्याची एक शाळकरी मुलगी आपल्या आजोबांना कोंकणीत विचारीत होती, "हाणेंच न्हय?" आजोबा म्हणाले, "हाणेंच." एवढ्यावर सारा इतिहास संपला.

बोतोचे थडगे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आल्तो दे साओ जोआओच्या दफनभूमीत आहे. आम्ही एका सकाळी गेलो. ऊन चढले होते, दफनभूमी अफाट, आणि मला पोर्तुगीज येत नाही. एका माळ्याला नाव लिहून दाखविले. त्याने ते वाचले, मान हलविली, हात एका दिशेला केला. त्या दिशेला एक तास फिरूनही ते सापडले नाही. सहचर दमला आणि एका अनोळखी कुटुंबाच्या थडग्याच्या पायरीवर बसला. "राहू दे," तो म्हणाला, "तू आला होतास हे त्याला कळले असेल." मी त्याची नाडी पाहिली. हे आता आमच्याकडे रोजचेच झाले आहे.

पोर्तुगालच्या कायद्याची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी, कारण आपण ज्याला मोकळे शहर म्हणतो ते जन्मतः मोकळे नव्हते. रोसिओ चौकात आज जेथे राष्ट्रीय नाट्यगृह उभे आहे तेथे इन्क्विझिशनचा वाडा होता. १५३६ पासून १८२१ पर्यंत चाललेल्या या धर्मन्यायालयाने ज्यू वंशाच्या लोकांबरोबर पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांनाही पकडले, कबुल्या लिहून घेतल्या, काहींना जाळले. याच संस्थेची शाखा १५६० मध्ये गोव्यात आली, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकात १९१२ चा भटक्यांविषयीचा कायदा अशा माणसांना पकडायला वापरला गेला. सालाझारच्या राजवटीत ते चालूच राहिले. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांच्या बंदुकांत लाल फुले खोवली गेली, तेव्हाही हे कलम लगेच गेले नाही. ते गेले १९८२ च्या नव्या दंडसंहितेने. त्याच वर्षी पेसोआचे 'अस्वस्थतेचे पुस्तक', त्याच्या मृत्यूनंतर सत्तेचाळीस वर्षांनी, पेटीतल्या कागदांतून जुळवून प्रथम प्रसिद्ध झाले. २००४ मध्ये राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई आली, आणि २०१० च्या जूनपासून विवाह. एका पिढीच्या आयुष्यात हे झाले. झाडाखाली पत्ते खेळणाऱ्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांकडे पाहताना माझ्या मनात नेहमी येई, यांतला कोण कोणत्या दारातून पळाला असेल?

जूनमध्ये जावे असे मी म्हणतो ते सांतो आंतोनियोच्या सणासाठी. १२ तारखेच्या रात्री साऱ्या आल्फामात कोळशावर तारल्या भाजतात. धूर इतका की कपडे दोनदा धुवावे लागले. पावाच्या तुकड्यावर अख्खी तारली ठेवून देतात, काटे आपले आपण काढायचे. माझ्या सहचराला परदेशात प्रथमच जेवल्यासारखे वाटले. हा संत लग्ने जुळविणारा, म्हणून त्या दिवशी नगरपालिकेच्या वतीने सामुदायिक विवाह होतात आणि नवरा-नवरींची जोडपी मोठ्या चर्चमधून बाहेर पडतात. आम्ही त्या गर्दीत उभे होतो. "मंगलाष्टके नाहीत, तर लग्न लागले केव्हा हे कळायचे कसे?" त्याने विचारले. आम्हांला तेथे विवाह करता येईल का, याची चौकशी मी निघण्यापूर्वी गुपचूप केली होती, हे त्याला मी तेव्हा सांगितले नाही. कागद मिळालाही असता कदाचित; पण मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत तो कोरा झाला असता. १३ जून हा आंतोनियो व्हारियासोंइश या गायकाचा स्मृतिदिन. हा व्यवसायाने न्हावी, लोकगीत आणि नवे संगीत यांचा विलक्षण मेळ घालणारा. १९८४ मध्ये याच सणाच्या दिवशी, चाळिशी गाठण्यापूर्वीच, एड्सने गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलातल्या मुलीने त्याचेच गाणे लावले होते.

आता एका लहान गोष्टीविषयी, जिच्यासाठी एवढे सारे लिहिले. साओ पेद्रो दे आल्कांतारा नावाचा कट्टा आमच्या हॉटेलापासून जवळ होता. खालून वर येण्यासाठी ग्लोरियाची उताराची ट्राम असे, १८८५ पासून चालणारी. आम्ही तिने तीनदा आलो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा भीषण अपघात होऊन सोळा माणसे गेली. बातमी वाचली तेव्हा आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. त्या लाकडी बाकावर आपण बसलो होतो, एवढेच मनात येत राहिले. तर त्या कट्ट्यावर, चौथ्या की पाचव्या संध्याकाळी, त्याने माझा हात धरला. आजारपणात धरला होता, पायऱ्या उतरताना धरतो. हा तसा नव्हता. माझी मान आपोआप मागे वळली. कोणी ओळखीचे तर नाही ना? सात हजार किलोमीटरहून अधिक दूर येऊन मी मराठी माणूस शोधीत होतो. मागे एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती. ती पाहत नव्हती. कुणीच पाहत नव्हते. इतक्या वर्षांच्या सावधगिरीला तेथे गिऱ्हाईकच नव्हते. मी हात काढून घेतला नाही, पण तो सैल सोडायला शिकण्यात उरलेले दिवस गेले. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगण्याची गरज भासू नये अशी माझी इच्छा आहे. आणि गरज असेलच, तर आठ दिवस अपुरे पडतात, बारा घ्यावेत.

शेवटच्या दुपारी आम्ही पुन्हा त्या परक्या नावाच्या झाडाखाली बसलो होतो. जवळच्या मेजावर पत्ते मांडलेले, पण चारांपैकी दोनच म्हातारे आले होते. त्यांतल्या एकाने आम्हांला हाताने बोलावले, आम्हां दोघांकडे बोट केले आणि विचारले, "पार्सेइरो?" शब्द कळायला क्षणभर लागला. माझ्या सहचरासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा याचा मी किती वर्षे खल केला होता: मित्र फार थोडे सांगतो, सहचराला पुस्तकी वास येतो, जोडीदार म्हटले की समोरचा 'वहिनी कुठल्या?' असे विचारतो. "भिडू म्हणतो आहे तो," माझा सहचर म्हणाला, "हो म्हण." मी मान हलविली. त्यांच्या त्या खेळाला सुएका म्हणतात. चाळीस पत्ते, आणि भिडूंनी एकमेकांसमोर बसायचे. म्हाताऱ्यांनी खुणांनी नियम समजावले. आम्हांला समजले असे आम्ही त्यांना भासविले. पहिले दोन्ही डाव आम्ही सपशेल हरलो. तेथे सत्ती राजाहून मोठी असते आणि गुलाम राणीला मारतो, हे तिसऱ्या डावात कळले. तेव्हा त्याने समोरून माझ्याकडे भुवया उंचावून पाहिले, आणि हुकमाची सत्ती टाकली.